सरळ जोडीचं लोटन पिल्लू

आत्याचा माझ्यावर हक्क होता. मी पाळण्यात असतानाच ती अकोल्याहून आली आणि माझ्यावर वाकून म्हणाली, "हे माही सून हाये, कोनी नजर ठेवू नका." माय हे मोठ्या कौतुकानं सांगायची. आमच्याकडे भावाची पोरगी बहिणीच्या पोराला द्यायची रीतच होती, त्यात पोरीला विचारायचं काय? छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. बाबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला, ग्रहण पाळणं बंद केलं, अंगारे-धुपारे बंद केले. येईल त्याला सांगायचे, "जुनं समदं गेलं." आत्याचा हक्क मात्र गेला नाही. तो नदीत सोडायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मी रडत होते असं समजू नका. आत्याचा पोरगा मला आवडायचा आणि ते मी लपवतही नव्हते. अमरावतीहून निघायचं, बडनेऱ्याला गाडी बदलायची, अकोल्याला उतरून जठारपेठेतलं आत्याचं घर गाठायचं आणि थेट गच्चीवर पळायचं. तिथं त्याची कबुतरांची ढाबळ होती, फळ्या, पत्रा आणि चहाची रिकामी खोकी ठोकून केलेली. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, पण जीव सगळा त्या ढाबळीत. आत्या खालून ओरडायची, "काहून व, कबुतरायलेच भेटाले आली का? मी का मेली?"

आत्याचा नवरा कधीच वारला होता. घरात तिघंच, आत्या, तो आणि त्याची थोरली बहीण. तिला आम्ही ताई म्हणायचो, पण तिला ते कधी ऐकू आलं नाही. ती जन्मापासून बहिरी, म्हणून बोलणंही नाही. सगळा कारभार हातांनी. माझ्यासाठी तिची खूण म्हणजे वेणी ओढल्याची, भावासाठी दोन्ही हात फडफडवायचे, आणि आत्यासाठी डोक्यावरचा पदर घट्ट ओढून तोंड वाकडं करायचं. आत्या ते बघून चिडायची आणि मग हसायची. घरची भाकर ताईच्या हातची, पाणी तिनं भरलेलं, आणि शेजारणींच्या भांडणात कोण खोटं बोलतंय हे तिला चेहऱ्यावरून सगळ्यांच्या आधी कळायचं.

एका गोष्टीवर मात्र ती भडकायची. लहानपणी जो तो पाहुणा तिच्या पाठीमागे जाऊन ताट वाजवून बघायचा, ऐकू येतं का म्हणून. जमिनीची थरथर तळपायाला लागली की ती वळायची, आणि हे शहाणे ओरडायचे, "आयकू येते हो पोट्टीले!" मग तिला बाजेवर बसवून पुन्हा वाजवायचे. मोठेपणी तिच्यामागे कोणी चुकून भांडं आपटलं तरी ती येऊन ते हातातून हिसकून घ्यायची.

आता लोटन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिसायला साधं पांढरं कबुतर. हातात धरून जरा हलवलं आणि खाली ठेवलं, कधी नुसतं बिचकलं, की ते उलट्या कोलांट्या खायला लागतं. एक, परत एक, गच्चीभर लोळत. बघणारे टाळ्या पिटतात. पण ते आपणहून थांबत नाही हो! कोणीतरी उचलावं लागतं. नाही उचललं तर डोकं आपटून जीव देतं. आत्याच्या पोराला बुऱ्हाणपूरकडच्या एका माणसानं असे दोन पक्षी दिले, एक नर आणि एक मादी, एकाच घरट्यातली भावंडं. पहिल्या दिवशी गल्लीतली माणसं गच्चीवर जमली, नराला लोळवलं, सगळे हसले. ताई वाळवण टाकून उठली, माणसांना ढकलत आत शिरली आणि तिनं ते कबुतर उचललं. एक तळवा पोटाखाली, दुसरा हलकेच डोळ्यांवरून. छातीचं धडधडणं थांबेपर्यंत तसंच धरलं. मग भावाकडे असं बघितलं की तो खेळ त्या घरात परत झाला नाही.

त्यानं तेव्हाच ठरवलं, लोटनची पैदास करायची नाही. पण या दोघांना सरळ, न लोळणाऱ्या कबुतरांशी लावू, आई नाहीतर बाप सरळ मिळाला की पोरं सरळ होतील, खोडच जाईल. आणि पैदाशीच्या बाबतीत तो कडक होता, हे मी मान्य करते. नवा पक्षी आला की आधी वेगळ्या टोपलीत, रोगराई नाही ना ते बघून मगच ढाबळीत. कोवळी मादी लावायची नाही. एक वीण झाली की मादीला विश्रांती. खायला ज्वारी, मसूर, आणि बरोबर विटेचा चुरा नि चुनखडी. कोणी म्हटलं, "लाव ना जोडी," तर हा विचारणार, "पिल्लं ठेवशीन कुठं? देशीन कोनाले? थो त्यायले लोळवन तं नाही ना?" एवढा शहाणा माणूस! गाढवपणा होता तो दुसरीकडेच.

त्यानं कबुतरांना आमच्या घरचे नियम लावले होते. सख्खी भावंडं लावायची नाहीत, ते पाप. चुलत भावंडंही नाहीत, कारण चुलत म्हणजे भाऊ-बहीणच. पण आते-मामे? ती तर हक्काची! लोटन नराला सरळ मादी दिली, लोटन मादीला सरळ नर दिला. दोन्हीकडे पिल्लं झाली, सगळी सरळ, एकही लोळेना. तो खुश. मग त्यानं नराच्या पोरीला मादीच्या पोराशी लावलं. "तुयी-माही जोडी हाये," म्हणून मला दाखवलं. मी लाजले आणि त्या मादीला मूठभर मसूर जास्त टाकली.

त्या हक्काच्या जोडीच्या पहिल्याच विणीतलं एक पिल्लू लोटन निघालं.

आईबाप सरळ, उडायला पक्के, कधी एक कोलांटी नाही. मग पोर कशामुळे लोळतंय? तो चक्रावला, मी चक्रावले. आत्या म्हणाली, अंडी उबवताना गच्चीवर कोणाची तरी नजर लागली. "आत्या, नजर आपण सोडली ना?" मी म्हटलं. "तुमी सोडली, तिनं नाही ना सोडली आपल्याले," आत्या म्हणाली. पुढच्या विणीत दोन्ही पिल्लं सरळ. आता काय म्हणावं? त्याच्या पुढच्या विणीत पुन्हा एक लोटन. आणि त्यातच आम्ही सगळे एका लग्नाला गेलो असताना मांजरीनं ढाबळीवर उडी मारली, एक लोटन पिल्लू बिचकून लोळायला लागलं, आणि उचलायला घरात कोणी नव्हतं. परत आलो तेव्हा ते पत्र्याच्या कडेला पडलेलं. ताईनं कितीतरी दिवस भावाकडे बघितलंच नाही. तो हात फडफडवून, कान धरून विनवायचा, आणि ही भिंतीकडे तोंड करून भाकरी थापायची.

त्या वर्षी मी अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे कळलं नाही तरी मान डोलवायची सवय लागलेली. सरांनी वाटाण्याचे प्रयोग शिकवले. प्रत्येक गुणाचे दोन वाटे, एक आईकडून, एक बापाकडून. एक वाटा वरचढ, एक दबलेला. दबलेला मरत नाही, गप बसून राहतो, आणि दोन्हीकडून दबलेलाच आला की वर येतो. सगळ्या वर्गानं वाटाणे वहीत काढून घेतले. मला वाटाणे दिसेनात, कबुतरं दिसायला लागली.

सुट्टीत अकोल्याला गेले आणि गच्चीवर त्याच्यापुढे ज्वारीचे नि तुरीचे दाणे मांडले. पांढरी ज्वारी म्हणजे सरळ वाटा, काळसर तूर म्हणजे लोटन वाटा. प्रत्येक कबुतराला दोन दाणे. "हे पाय, हा तुहा सरळ नर, याच्याजवळ एक ज्वारी एक तूर. ज्वारी वर, म्हनून सरळ दिसते. हे मादीबी तशीच. आता दोघायनं एकेक दाना पोराले दिला. दोघायनं तूर दिली तं?"

त्यानं दाण्यांच्या चार जोड्या लावून बघितल्या. "म्हंजे चार पोरं झाले तं एक लोटन."

"तसं नाही रे. चारही सरळ निघतीन, नाहीतर दोन लोटन निघतीन. दर खेपेले नवा डाव."

"मंग याचा उपेग काय?" तो चिडला. "आन मी तं भावंडं लावलेच नाही. आते-मामे लावले."

"रक्ताले काय समजते आते कोन आन चुलत कोन? चुलत भावंडायचा आजा एक, आते-मामेभावंडायचाबी आजा एकच."

"असं कसं? चुलत म्हंजे बहीन," तो म्हणाला. "आते म्हंजे..." आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात कबुतरं उतरली आणि सगळे दाणे टिपून गेली.

मी परतीच्या गाडीत बसले. कबुतरं गेली तरी मांडणी डोक्यातून जाईना, आणि तिच्यात आता दुसरीच माणसं बसायला लागली. बाबांना एक भाऊ होता, मुका काका. लहानपणी ताप आला नि कान गेले असं सांगायचे. ताई बहिरी, तिच्या वेळी आत्या आजारी होती असं सांगायचे. आणि आत्याचं लग्न कुठं झालं होतं? तिच्या आत्याच्याच घरी! तीही हक्काची सून. म्हणजे तुरीचा दाणा आमच्या घरात आजीआजोबांपासून फिरत होता की काय? आत्याकडे एक, तिच्या नवऱ्याकडे एक. त्याच्याकडे असेल. बाबांकडे असेल. माझ्याकडे? अवं माय! की सगळं थोतांड, आणि काकाला खरंच ताप आला होता? बडनेऱ्याला उतरायचं मी विसरणार होते, एका म्हातारीनं हाताला धरून उतरवलं.

सरांना विचारलं. स्वतःचं न सांगता, एका ओळखीच्या घरची गोष्ट म्हणून. सर चष्मा पुसत म्हणाले, बहिरेपणा तापानंही येतो, रक्तानंही येतो, बघून सांगता येत नाही. जवळच्या नात्यात धोका जास्त, एवढं खरं. पण माणसं वाटाणे नाहीत. मी म्हटलं, "मग त्या मुलीनं लग्न करावं की नाही?" सर म्हणाले, "हे शास्त्र नाही सांगत." मग शिकवता कशाला? असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो तडक उठला. जाऊन त्या हक्काच्या जोडीची ताजी अंडी काढली आणि घरट्यात मातीची अंडी ठेवली, त्याच मापाची, चुन्यानं रंगवलेली. पिल्लं नको असतील तर कबुतरवाले असंच करतात, नुसती अंडी काढली तर मादी लगेच पुन्हा घालते आणि झिजते. "आधी समजलं असतं तं लावलेच नसते," तो म्हणाला. मादी त्या मातीवर पिसं फुलवून बसली. मला ते बघवेना. मी विचारलं, "आपलं काय?" तो म्हणाला, "मले नाही सुचून राह्यलं. तू शिकेल हायेस, तू सांग." याचा मला इतका राग आला! शिकलेली असले म्हणून काय माझ्या पोटात काय वाढेल ते मला दिसतं?

शेवटी मीच आत्याला सांगितलं. लग्न नको असं म्हटलं नाही, थांबू या म्हटलं, आणि का ते सांगायला गेले. कबुतरांपासून सुरुवात केली, तिथंच चुकलं. आत्या चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"म्हंजे माही लेक लोटन हाये?"

"तसं नाही आत्या..."

"मंग कसं? तिच्यासारखं लेकरू जलमू नये, असंच ना? म्हन ना तोंडानं!" आणि मग आवाज एकदम खाली आला. "तुले काय वाटलं, हक्क हक्क म्हनून मी कौतुकानं नाचून राह्यली? परकी पोरगी येइन या घरात. मी किती दिस पुरन? माह्या मुक्या लेकीले थे ताटात वाढन का? तू तिच्या खुना जानतं. तुले तिची माया हाये. म्हनून पाळन्यातच धरून ठेवली तुले."

ताई तेव्हा सहा वर्षांची होती, तो तीन-चार वर्षांचा, मी पाळण्यात. आत्याला तोवर कळून चुकलं होतं, पोरीला ऐकू येत नाही, आणि ती अकोल्याहून निघून अमरावतीला आली होती. आजवर मला वाटत होतं ती माझ्यासाठी आली. मी तिथंच चुलीपुढे रडायला लागले. ज्या बहिरेपणाच्या भीतीनं मी लग्न लांबवत होते, त्याच्यासाठीच तर आत्याला ते करायचं होतं. आता हे कुठल्या दाण्यांनी मांडायचं?

ताईनं दारातून आम्हा दोघींचे चेहरे बघितले होते. तिला कोणी फसवू शकत नसे. मला ओढत गच्चीवर नेलं आणि खूण केली, काय झालं? मी हात हलवून टाळलं. तिनं माझी वेणी खरोखरच ओढली. मग मी दाणे मांडले. कबुतरांचे नाहीत, आमचे. पदराची खूण करून आत्या, दोन दाणे. कानावर नि तोंडावर हात ठेवून मुका काका, दोन्ही तुरीचे. ती, दोन्ही तुरीचे. हात फडफडवून तो. वेणी धरून मी. आणि शेवटी माझ्या पोटावर हात ठेवला आणि रिकामी जागा दाखवली.  तिला कळतंय की नाही, कळू नये असंही वाटत होतं.

 तिनं स्वतःच्या कानाला हात लावला, माझ्या पोटाला लावला, आणि भुवया वर केल्या. मी मान हलवली. हो, कदाचित. मग तिनं एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर गरगर फिरवली, लोटनसारखी, आणि झटकन उचलून छातीशी धरली. आणि स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. जोरात, दोनदा. मी हाये ना! असं ती म्हणत होती, आणि वर माझ्यावर चिडली होती, एवढी साधी गोष्ट तुला कळत कशी नाही म्हणून.

मला कळलं, आणि कळलंही नाही. ती म्हणत होती ते खरं होतं. पण तिला लहानपणी बाजेवर बसवून ताटं वाजवलेली, तिला मागायला एकही माणूस न आलेला, हेही खरंच होतं. उचलणारं माणूस आहे म्हणून लोळणारा जीव जन्माला घालावा का? आणि ताई म्हणजे लोळणारा जीव होती का? मला तर घरात तीच सगळ्यात सरळ उभी दिसायची. मी मैत्रिणींना विचारलं, एकीनं हो म्हटलं, एकीनं वेडी आहेस का म्हटलं. बाबा म्हणाले, "तू ठरवशीन थे." आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाले, आणि तेही नेमकं तेव्हा!

आम्ही लग्न केलं. बुद्धवंदना झाली, पांढरी साडी, ताईनं स्वतः शिवलेलं पोलकं. तो मला आवडायचा म्हणून केलं, की ताईसाठी केलं, की हिशोब जमेना म्हणून डोळे मिटून केलं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आता केस पांढरे झाले तरी येत नाही. कोणी विचारलं तर मी चिडते. लोटन वाट्याच्या सगळ्या कबुतरांना आम्ही वेगळं ठेवलं. ती आयुष्यभर मातीची अंडी उबवत राहिली. कबुतरांची पैदास थांबवायची अक्कल आम्हाला आली, आणि वर्ष सरता सरता मला दिवस गेले.

मुलगी झाली. बाळंतपण अकोल्यालाच झालं, आत्यानं मला माहेरी जाऊ दिलं नाही. चांगली गुटगुटीत, काळ्याभोर केसांची. घरी आणली त्या दिवशी आत्या स्वयंपाकघरातून पितळी ताट आणि पळी घेऊन आली. मूल दचकू नये म्हणून ताट वाजवायची जुनी रीत आहे, ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. मीही म्हटलं नाही की ही रीतही आपण सोडली ना. तो दाराशी उभा होता. पोर माझ्याजवळ बाजेवर झोपलेली.

आत्यानं ताट वाजवलं. पोरगी झोपूनच होती. आत्यानं पुन्हा वाजवलं, जरा जवळ नेऊन. माझ्या कानठळ्या बसल्या. पोरीची पापणीही हलली नाही. "झोपली हाये गाढ," आत्या म्हणाली, आणि तिसऱ्यांदा पळी उचलली. 

ताई अंगणातून आत आली. ओले हात पदराला पुसत होती. तिनं आईच्या हातातलं ताट बघितलं, बाजेवरची पोर बघितली, आणि माझं तोंड बघितलं. मी तिला काहीच खूण केली नाही, करायची गरजच नव्हती. तिनं ताट काढून घेतलं. हिसकलं नाही, नुसतं काढून घेतलं आणि फडताळात पालथं घातलं. मग वाकून पोरीला उचललं. एक तळवा पोटाखाली, दुसरा हलकेच डोळ्यांवरून.

माझ्या लेकीला ऐकू येत नाही, हे पुढे डॉक्टरांनीही सांगितलं. त्या दिवशी पोरीनं ताईच्या छातीशी डोळे उघडले आणि ताईनं तिला वेणीची खूण करून दाखवली, ही बघ, ही तुझी माय. मी रडत होते. ताईनं कोपरानं मला ढोसलं आणि मान हलवून सांगितलं, सरक तिकडे, मला बसू दे.